किती जण?

दिवस पहिला : सोमवार, ३ एप्रिल २०२३

इंचॉन विमानतळावरून सोलला जाणाऱ्या रेल्वेत बसले आणि आधी लक्षात आलं ते हे, की डब्यात जवळजवळ सगळ्यांच्या तोंडाला मास्क आहे. सक्ती उठून दोन आठवडे झाले होते. २० मार्चपासून बस-मेट्रोत मास्क लावायचा की नाही हे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होतं, तरी क्वचितच कुणी काढला होता. न्यायला आलेली भाची म्हणाली, "मावशी, हा घे, तूही लाव. कुणी काही बोलणार नाही, पण तुलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटेल."

भाची २०२०च्या ऑगस्टमध्ये पोस्टडॉकसाठी इथे आली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हापासून जीव मुठीत धरून होती. गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपेना, म्हणून मी निघाले. राजवाडे आणि फुलं बघायची होतीच. पण आम्ही सांगलीत दारं लावून बसलो होतो तेव्हा ही फोनवर सांगायची, "इथे लॉकडाऊन नाहीये गं, हॉटेलं चालू आहेत," आणि आम्हाला ते खरंच वाटायचं नाही. मग रात्री कधी रडवेल्या आवाजात म्हणायची, "मावशी, आज दिवसभर कुणाशी बोललेच नाही." या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे मला बघायचं होतं.

तिची खोली सिनचोन भागात आहे. 'वनरूम' म्हणतात इथे: पलंग, ओटा, कपडे धुण्याचं मशीन, सगळं एकाच खोलीत. आल्या आल्या तिने याच खोलीत चौदा दिवस काढले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला १ एप्रिल २०२०पासून ते बंधनकारक होतं. फोनमधल्या अ‍ॅपवर दिवसातून दोनदा ताप मोजून लिहायचा, आणि वॉर्ड ऑफिसमधला नेमून दिलेला एक कर्मचारी चौकशी करायचा. त्याच ऑफिसने दाराशी खोकं ठेवलं होतं. त्यात झटपट भात, नूडल्स, समुद्री शेवाळाचे पापड, माशाचे डबे. भाची शाकाहारी, त्यामुळे डबे तसेच राहिले. पण त्या खोक्याचं झाकण तिने अजून कपाटावर जपून ठेवलंय. "परक्या देशात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या जेवणाचा विचार केला होता," म्हणाली.

दिवस दुसरा : मंगळवार, ४ एप्रिल

सकाळी चांगदोकगुंग राजवाडा पाहिला. भव्य आहे. त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

दुपारी तीनला, गर्दी ओसरल्यावर, भाची मला तिच्या गल्लीतल्या खानावळीत घेऊन गेली. आठ टेबलं, एक बाई, एक गॅसची शेगडी. दार उघडताच बाईंनी विचारलं, "म्यॉत बुनिसेयो?" म्हणजे "किती जण?" इथल्या प्रत्येक खानावळीत हाच पहिला प्रश्न असतो. भाचीने त्यांना 'इमो' अशी हाक मारली. मी विचारलं, हे नाव का? तर नाही, इमो म्हणजे मावशी. आईची बहीण. खानावळीतल्या बाईला सगळं कोरिया मावशीच म्हणतं. मग भाचीने माझ्याकडे बोट दाखवून "ही माझी खरी इमो" असं सांगितलं, तेव्हा त्या बाई माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.

त्यांनी विचारलं, जेवलात का? कोरियात भेटल्यावर खुशाली विचारायची ती अशीच. भात आणि जेवण, दोन्हींना शब्दही एकच: बाप. "एकदा जेवायला भेटू" हे तर निरोप घेतानाचं रोजचं वाक्य. आपल्याकडे "या एकदा घरी" म्हणतो तसं. हे एवढ्यासाठी सांगतेय की कोरियातले निर्बंध नेमके या जेवणावर आले. आपल्याकडे रस्ता बंद झाला होता. इथे रस्ता उघडा होता, फक्त ताटावर कोण आणि किती वाजेपर्यंत बसणार हे सरकार ठरवत होतं.

इमोंना तारखा पाठ आहेत, एखाद्या बाईला बाळंतपणाच्या तारखा पाठ असतात तशा. ३० ऑगस्ट २०२०पासून सोल आणि आसपास रात्री नऊनंतर बसून खाणं बंद, फक्त पार्सल. २३ डिसेंबर २०२०पासून राजधानीच्या भागात पाच जणांनी एकत्र जमायला बंदी, जानेवारीत तीच साऱ्या देशात. १२ जुलै २०२१पासून तर संध्याकाळी सहा वाजले की दोनच माणसं. "पावणेसहाला चौघे बसलेले असायचे," इमो सांगत होत्या, "आणि मला घड्याळाकडे बघत त्यांना सांगावं लागायचं, तुमच्यातले दोघं उठा. कुणी उठायचं? ते एकमेकांकडे बघायचे. मला भाड्याची काळजी होती, पण तोंडातला घास टाकून माणूस उठतो ते बघायची मला त्याहून जास्त लाज वाटायची."

एकाच पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाला सूट होती, पण ते सिद्ध करायला रहिवासाचा दाखला लागायचा. लग्न होऊन वेगळ्या राहणाऱ्या मुलाला ती सूट नव्हती. म्हणून २०२१च्या फेब्रुवारीत, त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला, इमो, त्यांचा नवरा, दोन मुलगे आणि दोन सुना मिळून सहा जण एका घरात बसू शकले नाहीत. थोरला सकाळी येऊन गेला, धाकटा दुपारी. इमोंनी एकच स्वयंपाक दोनदा गरम केला.

दारात क्यूआर कोड होता, फोन दाखवल्याशिवाय आत यायचं नाही. ज्या म्हाताऱ्यांना ते जमत नसे, त्यांनी दारावरच्या नंबरला फोन लावायचा, की नोंद व्हायची. टेबलांच्या मधोमध अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक पडदे. ते अजून मागच्या बाजूला रचून ठेवलेत, त्यांच्यावर कांद्याची पोती. टाकवत नाहीत, म्हणाल्या, तेव्हा उसने पैसे काढून घेतले होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी हसून सांगितली. २०२०च्या मे महिन्यात सरकारने घरटी मदत दिली. चौघांच्या कुटुंबाला दहा लाख वॉन, एकट्याला चार लाख. ती ऑगस्टअखेर आपल्या भागातल्या लहान दुकानांतच खर्च करायची अट होती. "त्या महिन्यात गल्लीतल्या प्रत्येकाने एकमेकांच्या दुकानात खाल्लं. न्हावी माझ्याकडे जेवला आणि माझ्या नवऱ्याने दोनदा केस कापून घेतले."

निघताना मी विचारलं, घरी कोण कोण असतं? इमो म्हणाल्या, "आई आहे. नव्वदीची. नर्सिंग होममध्ये." आणि कढईकडे वळल्या.

दिवस तिसरा : बुधवार, ५ एप्रिल

दिवसभर पाऊस. माझं नाक वाहायला लागलं, म्हणून औषधाच्या दुकानात गेलो. दवाखाने आणि औषधांची दुकानं यांत मास्कची सक्ती अजून होती, दारावर तशी चिठ्ठी होती. दुकानदार साठीतले, अगदी मृदू बोलणारे. औषध देताना सहज विचारलं, जन्मसाल कोणतं? मी म्हटलं, १९६१. ते पटकन म्हणाले, "सोमवार."

मला कळेना. भाची म्हणाली, "अगं, तुझा मास्कचा वार!"

९ मार्च २०२०पासून मास्कचं रेशनिंग सुरू झालं होतं. आठवड्याला माणशी दोन मास्क, प्रत्येकी पंधराशे वॉनला. जन्मसालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर सोमवारी, २ किंवा ७ असेल तर मंगळवारी, असं शुक्रवारपर्यंत. ज्यांचा वार हुकला त्यांच्यासाठी शनिवार-रविवार. ओळखपत्र दाखवायचं, दुकानदार संगणकावर नोंद करणार, म्हणजे दुसऱ्या दुकानातून परत घेता येणार नाही. कुठल्या दुकानात किती शिल्लक आहेत, हे फोनवर दिसायचं. सरकारने आकडे खुले केले आणि तरुण पोरांनी काही दिवसांत त्याची अ‍ॅप तयार केली.

दुकानदार सांगत होते, की माल पाच-पाचच्या पाकिटांत यायचा आणि द्यायचे दोन. मग ते आणि त्यांची बायको हातमोजे घालून पाकिटं फोडायचे, दोन-दोन वेगळे भरायचे. दिवसाला अडीचशे मास्क, म्हणजे सव्वाशे माणसं. एकशे सव्विसाव्या माणसाला "संपले" सांगायचं. शिव्या खाल्ल्या. पण त्याच मार्चमध्ये काही लोक दुकानात येऊन त्यांच्या वाटणीचे मास्क घ्यायलाच नकार देऊ लागले. माझ्याकडे घरी आहेत, ज्याला जास्त गरज आहे त्याला द्या म्हणून. तशी चळवळच उभी राहिली होती.

"एक आजोबा होते," ते म्हणाले, "१९४५चे. शुक्रवारचे. रेशनिंग संपल्यावरही दर शुक्रवारी येतात. काही घेत नाहीत, उभे राहून बोलून जातात."

मला दोन मास्कचं चौकोनी पाकीट त्यांनी तसंच पुडीत बांधून दिलं. रेशनच्या रांगा मी लहानपणी उभ्या राहून पाहिल्यात, साखरेच्या आणि रॉकेलच्या. त्या रांगेत वशिला असायचा. या रांगेत पंतप्रधान असो की झाडूवाला, शेवटचा आकडा तोच. मला ही गोष्ट फार मोठी वाटली आणि अजून वाटते.

दिवस चौथा : गुरुवार, ६ एप्रिल

देगूला गेलो. केटीएक्स या वेगवान रेल्वेने पावणेदोन-दोन तास. सुरुवातीच्या लाटेचा सगळ्यात मोठा तडाखा या शहराला बसला. १८ फेब्रुवारी २०२० रोजी इथे देशातली एकतिसावी रुग्ण सापडली, एका धर्मपंथाच्या प्रार्थनासभांना जाणारी बाई. तिथून आकडा असा फुगला की २९ फेब्रुवारीला देशात एका दिवसात नऊशेनऊ नवे रुग्ण, बहुतेक इथलेच. गाडीत बसल्या बसल्या तपासणीचा नमुना घेणारं केंद्र पहिल्यांदा उभं राहिलं ते इथल्याच एका सरकारी विद्यापीठाच्या हॉस्पिटलात.

सॉमुन बाजार हा देगूचा जुना, प्रचंड बाजार. कापड, वाळवलेले मासे, आणि मधोमध बाकड्यांवर मिळणारे कालगुक्सू, म्हणजे हाताने कापलेल्या शेवया. माझ्यासाठी भाज्यांच्या रश्श्यात करून दिल्या. त्या बाकड्यामागच्या आजी सत्तरीच्या. बाजार कधी बंद पडला होता का, विचारल्यावर म्हणाल्या, "युद्धातसुद्धा बाजार चालू होता म्हणतात. पण तेव्हा फेब्रुवारीत सहा दिवस बंद होता. बाजाराला कुलूप असतं कसं, हे मला तेव्हा कळलं." नंतर उघडला तरी गिऱ्हाईक नव्हतं. त्या रोज यायच्या, कणीक तिंबायच्या आणि संध्याकाळी घरी न्यायच्या.

बाजाराच्या पलीकडेच डोंगसान हॉस्पिटल आहे. तेच तेव्हा फक्त कोरोनाचं हॉस्पिटल केलं होतं. आजींना बाकड्यावरून अ‍ॅम्ब्युलन्स ऐकू यायच्या. परगावच्या पाट्या लावलेल्या, देशभरातून आलेल्या. परिचारिकांच्या कपाळाला आणि नाकाला चष्म्याच्या दाबाने जखमा, त्यावर चिकटपट्ट्या, असे फोटो तेव्हा आपल्याकडच्या पेपरातही आले होते.

मग त्यांनी ग्वांगजूबद्दल सांगितलं. हे कोरियाबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. देगू पूर्वेचं, ग्वांगजू पश्चिमेचं. राजकारणात ही दोन शहरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या विरोधात. पण देगूत खाटा संपल्या तेव्हा १ मार्चला ग्वांगजूने जाहीर केलं, तुमचे रुग्ण आमच्याकडे पाठवा. ज्या वेळी देगूचा माणूस म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकत होते, त्या वेळी. ग्वांगजूच्या बायकांनी भाताचे गोळे करून डॉक्टरांसाठी डबे पाठवले. १९८०मध्ये लष्कराने ग्वांगजूतल्या आंदोलनावर गोळ्या चालवल्या, तेव्हा तिथल्या बायकांनी पोरांना असेच भाताचे गोळे करून दिले होते. म्हणून त्या गोळ्याला तिथे वेगळा अर्थ आहे. दोन शहरांच्या जुन्या देशी नावांची पहिली अक्षरं जोडली की 'दालबित' होतं, म्हणजे चांदणं. या दोस्तीला तेच नाव आहे.

शेवया संपल्या तरी आम्ही बसून राहिलो. आजी आपणहून बोलल्या. त्यांची थोरली बहीण त्या मार्चमध्ये गेली. कोरियात माणूस गेला की तीन दिवस हॉस्पिटलच्या अंत्यविधीगृहात बसायची रीत आहे. लोक येतात, फोटोपुढे वाकतात आणि मग सगळ्यांना जेवण असतं. लाल तिखट रस्सा आणि भात. दुःखाचं जेवण, पण ते जेवूनच जायचं. कोरोनात नियम झाला, आधी दहन, मग विधी. तो नियम २०२२च्या जानेवारीत बदलला. आजी आणि त्यांचे भाचे तेव्हा स्वतःच घरात कोंडलेले. कुणीच जाऊ शकलं नाही. आली ती अस्थींची पेटी.

"रस्सा कुणाला वाढताच आला नाही," त्या म्हणाल्या.

मला माझा चुलतभाऊ आठवला. एप्रिल २०२१. त्याच्या तेराव्याला आम्ही चौघं होतो. मी भाचीला म्हटलं, त्यांना हे सांग. तिने सांगितलं. आजींनी माझ्या वाटीत, नको नको म्हणत असताना, आणखी रस्सा वाढला.

परतीच्या गाडीत भाची खिडकीशी बसली. तेव्हा गाडीत फक्त खिडकीच्याच जागा विकायचे, म्हणाली, शेजारची रिकामी. २०२०च्या चुसॉकला, म्हणजे त्यांच्या कापणीच्या सणाला, गावोगावी फलक लागले होते: पोरांनो, यंदा येऊ नका. एरवी सणाला महामार्गाचा टोल माफ असतो, तोही त्या वर्षी घेतला, लोकांनी निघू नये म्हणून. गावच्या म्हाताऱ्यांनी स्वतःच्या मुलांसाठी "येऊ नका" लिहायचं, हे कसं लिहिलं असेल, या विचारात मला डुलकीसुद्धा लागली नाही.

दिवस पाचवा : शुक्रवार, ७ एप्रिल

सर्दीने अंग मोडून आलं. खोलीतच राहिले. संध्याकाळी भाचीच्या घरमालकिणीची मुलगी इंग्रजी बोलायचा सराव करायला आली. आता कॉलेजात आहे. २०२०ला बारावीत होती. मी शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय, त्यामुळे मी तिला सोडलंच नाही.

मार्चमध्ये सुरू होणारी शाळा पुढे ढकलत ढकलत ९ एप्रिलला सुरू झाली, तीही पडद्यावर. कॉलेज प्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरऐवजी ३ डिसेंबरला झाली, बाकावर पुढ्यात प्लास्टिकचा पडदा. त्या परीक्षेच्या दिवशी हा देश विमानंसुद्धा थांबवतो, इतकी तिची धास्ती. पण तिला परीक्षा आठवत नाही. आठवतं ते शाळेतलं जेवण. सगळ्या मुली एकाच दिशेला तोंड करून, मध्ये पडदे, बोलायचं नाही. "माझ्या शेजारी बसायची ती मुलगी कशी हसते, हे मी तिच्या इन्स्टाग्रामवर पाहिलं," ती म्हणाली.

दिवस सहावा : शनिवार, ८ एप्रिल

सोलच्या जोंगनो भागातलं टापगोल पार्क. १ मार्च १९१९ रोजी जपानविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच वाचला गेला. आता ही म्हाताऱ्या पुरुषांची जागा आहे. भिंतीच्या कडेने पटावर डाव मांडलेले, खेळणारे दोन, सल्ला देणारे दहा. २०२०च्या फेब्रुवारीत पार्कला टाळं लागलं. गल्लोगल्लीची वृद्धांची विरंगुळा केंद्रंही महिनोन्‌महिने बंद. या भागात गरीब म्हाताऱ्यांना फुकट जेवण मिळतं. ते थांबलं नाही, पण बसून खाणं थांबलं. हातात पुडा घ्यायचा आणि निघायचं.

डाव बघणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, त्यांची खोली पलंगाएवढीच आहे. पुडा घेऊन ते मेट्रोत बसायचे, ज्येष्ठांना तिकीट नसतं, आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत यायचे. "माणसं दिसायची," म्हणाले. फोनवर दर थोड्या वेळाने सरकारी इशारा वाजायचा: अमुक भागात रुग्ण, अमुक वेळी अमुक ठिकाणी गेलेला. सुरुवातीला तर वय आणि स्त्री की पुरुष हेही सांगत. आजाराइतकीच लोकांना त्या संदेशात आपण येण्याची भीती होती. सरकारच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल, साथ त्यांनी खरोखर आवरून धरली होती. तरी माणूस कुठे जेवला आणि कुणाबरोबर, हे साऱ्या गावाला कळवणं मला पटत नाही. ते नंतर त्यांनी बरंच कमी केलं, ते बरं केलं.

दिवस सातवा : रविवार, ९ एप्रिल

सोलमध्ये नदीकाठच्या योउइदोचा चेरीफुलांचा उत्सव चार वर्षांनी पहिल्यांदा भरला होता आणि आज त्याचा शेवटचा दिवस. पण यंदा फुलं मार्चमध्येच लवकर फुलली, त्यात बुधवारचा पाऊस. झाडांवर कोवळी पालवी, फुलं जवळजवळ नाहीत. तरी नदीकाठ माणसांनी भरून वाहत होता! चटया, डबे, लेकरं. २०२०ला हाच रस्ता बंद केला होता. २०२१ला आत जायला सोडत काढली होती. पूर्वेकडच्या सामचॉकमध्ये तर लोक मोहरीच्या पिवळ्या फुलांचं शेत बघायला जमतात म्हणून ते फुललेलं शेत ट्रॅक्टरने नांगरून टाकलं. आज फुलं नव्हती आणि माणसं होती. मी दोन तास माणसंच बघत बसले.

रात्री भाचीच्या प्रयोगशाळेतली मुलं माझ्यासाठी इमोंकडे जमली. दारात इमोंनी विचारलं, किती जण? भाची म्हणाली, सात. इमोंनी दोन टेबलं ओढून जोडली, तो फरशीवर घासल्याचा आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल.

जेवण आटोपल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. १८ एप्रिल २०२२ला माणसांच्या संख्येचे आणि वेळेचे निर्बंध उठले, त्या रात्री दुकान पहाटे तीनपर्यंत उघडं होतं, हे सांगितलं. मग आईबद्दल. पहिली दीड-दोन वर्षं काचेतून भेट, दोन्हीकडे फोन. आईला ऐकू कमी येतं, ती काचेवर हात ठेवायची. आता हात धरता येतो, भेटता येतं. पण नर्सिंग होममध्ये भेटीच्या वेळी खायला अजून बंदी आहे. "मी रोज शंभर जणांना वाढते," त्या म्हणाल्या. "आईला तीन वर्षांत एक चमचा भरवला नाही."

मी काय बोलणार. भाचीला म्हटलं, त्यांना विचार, आईला काय आवडतं. होबाकजुक, म्हणाल्या. भोपळ्याची पेज.

सोमवारी सकाळी मी विमानात बसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला. १ तारखेपासून तो नियमही उठला. सोबत एक फोटो होता: खानावळीचं बंद दार आणि त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी. भाचीने खाली अर्थ लिहिला होता, "आज दुकान बंद. आईकडे जेवायला गेलेय."